एकाच बोळासाठी तिसरा दावा, वकील तेच. वकिलाची तक्रार करता येते का?

नदीकाठची

नमस्कार मंडळी. सहा-सात वर्षं इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. प्रश्न एकच आहे, पण मागचं सांगितल्याशिवाय तो कळणार नाही, म्हणून लांबलंय.

आमचं घर सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. अण्णांनी (माझे वडील, निवृत्त प्राथमिक शिक्षक) १९८८ मध्ये खरेदीखत करून घेतलं. घराच्या दक्षिणेला चार फुटांचा बोळ आहे, आमच्याच हद्दीतला. सिटी सर्व्हेच्या नकाशात तो आमच्याच रेघेच्या आत आहे. शेजाऱ्यांनी २००३ ला दावा लावला की बोळ वहिवाटीचा आहे. २००९ ला फेटाळला. ते अपिलात गेले, २०१४ ला जिल्हा न्यायालयाने अपीलही फेटाळलं. पुढे कोणी गेलं नाही. आम्हाला वाटलं, सुटलो.

२०१६ ला शेजाऱ्यांच्या मुलाने नवा दावा लावला. आता म्हणणं असं की वहिवाट सोडा, बोळ मालकीचाच आहे. तीन वर्षं तारखा झाल्या आणि त्याने साक्षीला उभं राहायची वेळ आली तेव्हा पुरसिस (कोर्टाला लेखी निवेदन) देऊन दावा काढून घेतला. २०२४ ला तिसरा दावा. यावेळी वादी म्हणून त्यांची लग्न झालेली मुलगी. दाव्यापाठोपाठ लिस पेंडन्सची (मिळकतीवर दावा चालू आहे अशी) नोटीस सब-रजिस्ट्रारकडे नोंदवली. अण्णा ७९ वर्षांचे आहेत, एकटे राहतात. घर विकून माझ्याकडे पुण्याला यायचं ठरलं होतं. विसार द्यायला आलेल्या गिऱ्हाइकाने सर्च रिपोर्टमध्ये ती नोटीस पाहिली आणि हात जोडून परत गेला.

तिन्ही दाव्यांत समोरचे वकील एकच.

गेल्या रविवारी मी पहिलं आणि तिसरं वादपत्र जेवणाच्या टेबलावर शेजारी-शेजारी ठेवून वाचलं. चतुःसीमेचा परिच्छेद शब्दन् शब्द तोच. पहिल्यात ‘दक्षिणेस’ऐवजी ‘दक्षीणेस’ असं टाईप झालं होतं, तिसऱ्यातही ‘दक्षीणेस’च. एकवीस वर्षांपूर्वीची वेलांटीची चूक जशीच्या तशी उतरलीय. आणि त्याच वादपत्राच्या शेवटी लिहिलंय, ‘सदर मिळकतीबाबत यापूर्वी कोणत्याही न्यायालयात दावा दाखल केलेला नाही.’ खाली त्याच वकिलांची सही.

शेजाऱ्यांचं मी समजू शकते, त्यांना जमीन हवी आहे. पण ज्यांनी स्वतः दोनदा हे प्रकरण चालवलं त्यांनी या वाक्याखाली सही कशी केली? त्यांच्यावर काही कारवाई होऊ शकते का? की वकिलांना सगळं माफ असतं?

सडेतोड

ताई, वाईट वाटलं वाचून. पण काही होत नाही. वकिलाची तक्रार वकिलांकडेच करायची असते. आमच्या प्लॉटच्या केसमध्ये अकरा वर्षं गेली. शेवटी पैसे देऊन मिटवलं. ज्याची चूक त्यालाच पैसे दिले. या धंद्यातले सगळे सारखेच.

कैफियत

सडेतोड, तुमचा राग समजतो, पण ‘सगळे सारखे’ म्हटलं की ज्याने अशी केस परत पाठवली तो आणि ज्याने घेतली तो एकाच तागडीत बसतो. मी जिल्हा न्यायालयात दिवाणी बाजूला बावीस वर्षं आहे. परत पाठवणारे मी पाहिलेत.

नदीकाठची ताई, तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. वकिलाचं काय, आणि दाव्याचं काय. आधी वकिलाचं.

अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट १९६१, कलम ३५. व्यावसायिक किंवा इतर गैरवर्तनाची तक्रार राज्याच्या बार कौन्सिलकडे करायची. आपल्यासाठी बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा, मुंबईत. तक्रार मराठीत चालते. वादपत्रासारखंच सत्यापन करून सही करायची आणि ठरलेली फी भरायची. कौन्सिलला तथ्य वाटलं तर प्रकरण शिस्तपालन समितीकडे जातं. समितीत तिघं असतात, दोन कौन्सिलचे सदस्य आणि तिसरे बाहेरून घेतलेले अनुभवी वकील. समितीला साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत. दोष सिद्ध झाला तर ताकीद, नाहीतर ठरावीक काळ सनद (वकिलीचा परवाना) निलंबित, नाहीतर पटावरून नावच कमी. एका वर्षात निकाल लागला नाही तर कलम ३६ब प्रमाणे प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. निकालावर साठ दिवसांत तिथेच अपील, आणि तिथून पुढे साठ दिवसांत थेट सर्वोच्च न्यायालय. अजून एक, जे फार कोणाला ठाऊक नसतं: तक्रारदाराने तडजोड केली किंवा तक्रार मागे घेतली, एवढ्याच कारणावरून चौकशी बंद करता येत नाही.

आता मुद्द्याचं. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत स्पष्ट आहे की वकिलाने स्वतःला अशिलाचं नुसतं तोंड समजायचं नाही. अशील आडमार्गाला जात असेल तर त्याला अडवायचं, आणि ऐकतच नसेल तर त्याचं काम सोडायचं. सोडणं हा मोठेपणा नव्हे, तो नियम आहे.

आणि तुमची गोष्ट वाचताना मला एक निकाल डोळ्यासमोर आला. टी. अरिवंदंदम विरुद्ध टी. व्ही. सत्यपाल, १९७७, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर. बंगळुरूचं जागा खाली करण्याचं प्रकरण. बाप सगळीकडे हरला, मग मुलाने नव्याने दावा लावला. तुमच्याकडे झालं तसंच. न्यायमूर्तींनी खालच्या कोर्टांना सांगितलं की वादपत्र वरवर वाचू नका, शब्दांच्या कसरतीने कारण असल्याचा भास निर्माण केला असेल तर दावा पहिल्याच सुनावणीला संपवा. आणि त्याच निकालात वकिलांनाही सांगितलं की साफ खोटी, निरर्थक प्रकरणं तुम्हीच गाळली पाहिजेत, अप्रामाणिक अशिलाच्या नादी लागता कामा नये. बार कौन्सिल याकडे लक्ष देईल अशी आशाही व्यक्त केली. पन्नास वर्षं होत आली. हे परिच्छेद आम्ही अर्जात रोज उतरवतो, पण दावा फेटाळायला सांगणारेच. वकिलांबद्दलचा भाग कोणी उतरवत नाही. मीही नाही.

जेवून येतो. उरलेलं लिहितो, आणि ते इतकं आशादायक नाही.

पहाटवारा

वाचतेय. मीही वकील आहे, सनद मिळून सहा वर्षं झाली. एक गोष्ट लिहायचीय, धीर करून लिहितेय.

पहिल्या वर्षी मी ज्यांच्या हाताखाली होते त्यांनी मला एक दावा ड्राफ्ट करायला दिला. भावाभावांतला. धाकट्याला घर पाडून बांधायचं होतं, थोरल्याला ते थांबवायचं होतं. मी कागद वाचले आणि सरांना म्हटलं, सर, वाटप नोंदणीकृत आहे, फेरफार झालाय, यात काही राहिलेलं नाही. ते म्हणाले, जिंकायचं कोणाला आहे? निशाणी पाचवर (तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर) तूर्तातूर्त मिळाली की बास, पावसाळ्यापर्यंत तो घायकुतीला येईल. मी लिहिलं. चांगलं लिहिलं, कौतुकही झालं. जैसे थे चा हुकूम मिळाला. धाकट्याने अर्धं पाडलेलं घर ताडपत्री टाकून दोन पावसाळे काढले. एकदा कोर्टाच्या आवारात त्याच्या बायकोने मला विचारलं, ‘मॅडम, तुम्हाला आमचा काय राग आहे?’ मला उत्तर देता आलं नाही.

मला तेव्हा महिन्याला काही मिळत नव्हतं. एसटीचा पासही घरून. हे कारण म्हणून सांगत नाहीये. पण खोटा दावा कुठे तयार होतो ते लोकांना कळावं. तो कोर्टात तयार होत नाही. वकिलाच्या टेबलावर संध्याकाळी सात वाजता तयार होतो, आणि त्या वेळी ‘नाही’ म्हणू शकेल अशी एकच व्यक्ती खोलीत असते.

नदीकाठची

पहाटवारा, हे लिहिलंस म्हणून खूप बरं वाटलं. खरंच.

माहेरवाशीण

थोडं वेगळं बोलते. ‘लग्न झालेल्या मुलीच्या नावाने’ हे वाचून मला टोचलं. आपल्याकडे मालमत्तेच्या वादात बाईला कोर्ट फी माफ आहे, १९९४ पासून. म्हणून काही लोक बहिणीला पुढे करतात हे मान्य. पण बहिणीने दावा लावला की भाऊ, चुलते, गाव, सगळे आधी हेच म्हणतात की खोटा आहे, कोणीतरी शिकवलंय. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मापासूनचा आहे असं सांगितलं. मधली पंधरा वर्षं माझ्यासारख्या बायकांचे दावे ‘वडील आधीच वारले’ म्हणून फेटाळले गेले. त्या काळात माझा दावा घेणाऱ्या वकिलावर कारवाईची टांगती तलवार असती तर त्यांनी तो घेतला असता का?

नदीकाठची

ताई, तुमचं पटलं. वादी बाई आहे ही माझी तक्रार नाही, मी तसं लिहायला नको होतं. त्या मुलीला तर मी लहानपणापासून ओळखते. तिला नोटीस म्हणजे काय हेही नीट माहीत नाही. सह्या घेतल्या म्हणाली. माझी तक्रार त्या एका वाक्याबद्दल आहे, ‘यापूर्वी दावा नाही’.

कैफियत

माहेरवाशीण ताईंनी जे मांडलं तेच या विषयातलं सगळ्यात अवघड आहे. कमकुवत दावा आणि खोटा दावा, दोन्ही वेगळे. कमकुवत दावा घेणं वकिलाचं कामच आहे. आलेलं काम सहसा नाकारू नये असाही नियम आहे आमच्यावर. उद्या शिक्षेच्या भीतीने वकील फक्त हमखास जिंकणाऱ्या केसेस घेऊ लागले तर गरिबाच्या बाजूने उभं कोण राहणार?

म्हणूनच कोर्टंही हात राखून असतात. पुण्याच्याच वकिलांचं एक प्रकरण, पांडुरंग दत्तात्रय खांडेकर विरुद्ध बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र, १९८४. चुकीचा सल्ला आणि अयोग्य सल्ला या दोन गोष्टी वेगळ्या, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. नुसता निष्काळजीपणा म्हणजे गैरवर्तन नव्हे, त्यात नैतिक खोट दिसली पाहिजे. कायदा समजण्यात चूक झाली एवढ्याने कोणाची सनद जात नाही, जाऊही नये.

आता तुमच्यासाठी खरी अडचण. २४ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच बार कौन्सिलच्या प्रकरणात निकाल दिला. तक्रारदार त्या वकिलाचा अशील नव्हता, वकील समोरच्या बाजूचा होता. कौन्सिलने दोन ओळींत, कारणं न देता प्रकरण शिस्तपालन समितीकडे पाठवलं होतं. न्यायालयाने ती कार्यवाही मोडीत काढली आणि कौन्सिललाच ५०,००० रुपये खर्च लावला. म्हणणं असं की एरवी तक्रारदार आणि वकील यांच्यात वकील-अशिलाचं नातं असलं पाहिजे. त्याच निकालात दुसरं प्रकरण होतं एका वकील बाईंचं. त्यांनी प्रतिज्ञापत्र करणाऱ्याची ओळख पटवून सही केली होती, एवढंच. आतल्या मजकुराची जबाबदारी त्यांच्यावर येत नाही, असं ठरलं.

माझं मत विचाराल तर निकालाचं कारण मला पटतं. हरलेला प्रत्येक जण समोरच्या वकिलावर तक्रार ठोकू लागला तर वकिली करणं अशक्य होईल. पण खोट्या दाव्याचा फटका बसतो तो नेमका समोरच्यालाच, स्वतःच्या अशिलाला नाही. अशील कशाला तक्रार करेल? त्याला तर हवं ते मिळालेलं असतं. म्हणजे ज्याला दुखतंय त्याच्यासाठी दार जवळजवळ लोटलेलं. ग्राहक मंचाचा रस्ताही २०२४ च्या मे महिन्यात बंद झाला, वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही असं ठरलं. अर्थात तोही अशिलासाठीच होता.

तरी तुमच्या हातात एक गोष्ट आहे जी त्या दोन्ही प्रकरणांत नव्हती. अशिलाने सांगितलं ते वकिलाने लिहिलं, हा बचाव इथे चालणार नाही. आधीच्या दोन्ही दाव्यांत वकीलपत्र त्यांचंच आहे. ‘यापूर्वी दावा नाही’ हे खोटं आहे हे कळायला त्यांना अशिलाला विचारायची गरजच नव्हती.

निशाणी_पाच

मी तालुका कोर्टात सहायक अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. एकतीस वर्षं फायली हाताळल्या.

दावा दाखल करताना आम्ही स्टॅम्प बघतो, कागदांची यादी बघतो, मुदत, हद्द, वकीलपत्र बघतो. मजकूर खरा की खोटा हे बघणं आमचं काम नाही, आणि तो अधिकारही नाही. पण समजतं हो. तीच नावं, तोच सिटी सर्व्हे नंबर, तोच बोळ. गठ्ठा बांधताना हाताला समजतं.

आमच्याकडे एक जुने वकील होते, आता हयात नाहीत. त्यांच्याकडे आलेले कागद ते पक्षकारासमोर पूर्ण वाचायचे. चहा यायचा, थंड व्हायचा, ते वाचतच असायचे. मग चष्मा काढून सांगायचे, ‘यात तुम्हाला पाच वर्षं तारीख मिळेल, जमीन मिळणार नाही. तारीख हवी असेल तर दुसरीकडे जा.’ लोक दुसरीकडे जायचे. पण बरेच जण आठवडाभराने परत येऊन विचारायचे की मग समेट कसा करू. त्यांनी किती दावे लावले त्याची नोंद रजिस्टरला आहे. किती होऊ दिले नाहीत त्याची कुठेच नाही.

अटलांटिककाठ

मी न्यू जर्सीला असतो, वकील नाही. पण इथलं एक प्रकरण याच प्रश्नावरचं आहे म्हणून लिहितो.

वॉशिंग्टन डी. सी. मध्ये रॉय पिअर्सन नावाचे गृहस्थ प्रशासकीय न्यायाधीश होते, म्हणजे स्वतः वकील. २००५ मध्ये त्यांची पॅन्ट ड्रायक्लीनरकडे गहाळ झाली. दुकान कोरियाहून आलेल्या एका कुटुंबाचं. दुकानदाराने नंतर पॅन्ट आणून दिली, हे म्हणाले ही माझी नाही. दुकानात ‘समाधानाची हमी’ अशी पाटी होती. ग्राहक कायद्यात दर उल्लंघनाला १,५०० डॉलर अशी तरतूद, तिला दिवसांनी, उल्लंघनांनी, मालकांच्या संख्येने गुणत यांनी आकडा ६ कोटी ७० लाख डॉलरपर्यंत नेला. पुढे ५ कोटी ४० लाखांवर आले. दुकानदाराने १२,००० डॉलरपर्यंत देऊ केले होते, यांनी घेतले नाहीत. २००७ मध्ये खटला चालला, पिअर्सन पूर्ण हरले, त्यांची नोकरीही गेली. पण त्या कुटुंबाला वकिलाच्या खर्चापायी आणि मनस्तापापायी ते दुकान बंद करावं लागलं.

आणि शिस्तभंग? निकाल जून २०२० ला आला. डी. सी. च्या अपील न्यायालयाने ९० दिवसांसाठी वकिलीचा परवाना निलंबित केला. पॅन्ट हरवल्यापासून पंधरा वर्षांनी ९० दिवस.

इथे संघीय कोर्टांत नियम ११ आहे. वकिलाची सही म्हणजेच त्याची हमी की मी वाजवी चौकशी केली आहे आणि दाव्याला कायद्याचा, वस्तुस्थितीचा आधार आहे. हमी खोटी निघाली तर दंड वकिलावरही येतो. १९८३ मध्ये हा नियम फार कडक केला, तर मूळ खटला बाजूला राहून दंडाच्या अर्जांवरच भांडणं होऊ लागली आणि नागरी हक्कांच्या वकिलांना त्याची झळ बसली, म्हणजे माहेरवाशीण ताई म्हणाल्या तेच झालं. १९९३ मध्ये सुधारला. आता आधी समोरच्या वकिलाला अर्ज द्यायचा, २१ दिवसांत त्याने दावा मागे घेतला तर दंड नाही. ही २१ दिवसांची सोय मला फार शहाणपणाची वाटते. माणसाला मागे फिरायची वाट राहते.

कैफियत

आपल्याकडे सहीचा असा अर्थ दिवाणी संहितेत लिहिलेलाच नाही, आणि खर्च लागतो तो पक्षकारावर. कलम ३५अ, खोट्या आणि त्रासदायक दाव्याबद्दल भरपाई. कमाल मर्यादा माहीत आहे? ३,००० रुपये. १९७६ च्या दुरुस्तीत ठरलेली. सर्वोच्च न्यायालयाने ती वाढवा म्हणून २००९ पासून अनेकदा सुचवलं, एक लाखापर्यंत न्या असंही म्हटलं. २०१५ ला व्यापारी दाव्यांसाठी मर्यादा काढली. पण तुमच्या-आमच्या बोळाला, बांधाला, विहिरीला अजून ३,०००. अण्णांनी एकवीस वर्षांत नुसत्या नकलांवर याहून जास्त घातले असतील.

नदीकाठची

अण्णांनी वहीत लिहून ठेवलंय. नकला, झेरॉक्स, रिक्षा, आणि एका ओळीत ‘कोर्टाबाहेर चहा, दोघांचा’. त्यातला दुसरा कप शेजाऱ्यांचा. पहिल्या दाव्याच्या काळात ते दोघे एकाच रिक्षाने यायचे.

रायगडवाडी

या धाग्यावर महाडचं नाव यायलाच हवं. मार्च १९२७ मध्ये बाबासाहेब आणि हजारो माणसं चवदार तळ्याचं पाणी प्यायली. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा विरोधकांनी दिवाणी दावा लावला की तळं खाजगी आहे, आणि परिषदेच्या तोंडावर तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. २५ डिसेंबरला माणसं जमली होती, तयार होती. बाबासाहेब स्वतः बॅरिस्टर. त्यांनी हुकूम पाळायचं ठरवलं, सत्याग्रह पुढे ढकलला. तो मनाई हुकूम पुढच्याच वर्षी उठला, नंतर दावाही फेटाळला गेला, पण अपिलं चालू राहिली. मुंबई उच्च न्यायालयाचा शेवटचा निकाल १७ मार्च १९३७ ला. नऊ वर्षांहून जास्त. तळं सार्वजनिकच निघालं.

दावा जिंकण्यासाठी नसतो, थांबवण्यासाठी असतो, हे आमच्या आजोबांच्या पिढीला तेव्हापासून माहीत आहे. पण त्याच आजोबांनी मला हेही सांगितलं की कोर्टात जाण्याचा हक्क कमी करणारा कायदा आधी आपल्याच मानेवर येतो. म्हणून मला दाव्यावर बंधन नको. खोट्या सहीवर हवं.

सडेतोड

रायगडवाडी, हे मला माहीत नव्हतं. वर मी जे ‘सगळे सारखे’ म्हटलं ते मागे घेतो. आमच्या प्रकरणातला राग होता.

कैफियत ना एक विचारतो: महाराष्ट्रात सतत खोटे दावे लावणाऱ्याला बंदी घालता येते असं ऐकलंय, ते खरं का?

कैफियत

खरं आहे. महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा आहे, त्रासदायक दाव्यांना आळा घालणारा. महाधिवक्त्याने उच्च न्यायालयात अर्ज करायचा, आणि माणूस सवयीने, विनाकारण दावे लावतो असं दिसलं तर परवानगीशिवाय त्याला नवा दावा लावता येत नाही. पण तो पक्षकारावर आहे, आणि इथे प्रत्येक वेळी पक्षकार नवा आहे. बाप, मुलगा, मुलगी. न बदललेले एकटे वकील. त्यांच्यासाठी तसा कायदा नाही, आहे ते फक्त अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टचं कलम ३५.

आता दाव्याचं. ताई, तुमचे वकील ऑर्डर ७ नियम ११ चा (वादपत्र सुरुवातीलाच फेटाळा असा) अर्ज देतील, देऊ द्या. पण एक खाच सांगतो. त्या अर्जावर कोर्ट फक्त वादपत्र वाचतं, तुमची कैफियत (लेखी उत्तर) नाही. आधीच्या निकालामुळे दावा चालत नाही, हे ठरवायला जुने कागद, जुने मुद्दे, जुना निकाल तपासावा लागतो, आणि तो तपास या अर्जात सहसा होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या निकालात सांगितलंय. म्हणजे जो वकील प्रामाणिकपणे ‘आधी दावा झाला होता’ असं लिहितो त्याचा दावा दारातच अडकण्याची शक्यता जास्त, आणि जो लपवतो त्याचा आत शिरतो. लपवण्याला असं बक्षीस मिळतं. म्हणून त्या एका वाक्याखालची सही मला इतकी महत्त्वाची वाटते.

त्यावर उपाय: प्राथमिक मुद्दा (जुन्या निकालामुळे दावा चालतो का, हे आधी ठरवा असा) काढून मागा, दोन्ही जुन्या निकालांच्या सही-शिक्क्याच्या नकला लावा. दुसरा दावा नव्याने लावण्याची परवानगी न घेता काढून घेतला असेल तर तोही आडवा येतो. खोट्या प्रतिज्ञापत्राबद्दल नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७९ खाली त्याच कोर्टात वेगळा अर्ज द्या. त्या अर्जावर कोर्टाने वकिलांबद्दल एखादा परिच्छेद लिहिला तर बार कौन्सिलपुढची तुमची तक्रार फार वेगळ्या वजनाची होईल. ‘समोरच्या पक्षाची कुरकुर’ म्हणून ती बाजूला टाकता येणार नाही. आधी तो अर्ज, मग तक्रार, हा क्रम ठेवा.

पहाटवारा

आणि अटलांटिककाठ म्हणाले ते करून बघा ना. कायद्यात नसलं तरी. समोरच्या वकिलांना तुमच्या वकिलांमार्फत एक साधं पत्र, दोन्ही वादपत्रांचे ते परिच्छेद जोडून. एकवीस दिवस द्या. मला कोणी असं पत्र पाठवलं असतं तर मी त्या रात्री झोपले नसते, आणि बहुधा सरांशी भांडले असते.

नदीकाठची

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय.

पत्र गेलं. उत्तर आलं नाही, पण मागच्या तारखेला ते वकील स्वतः आले नाहीत, ज्युनिअरने मुदत मागितली. ३७९ चा अर्ज दाखल झाला. तक्रारीचा मसुदा मी लिहिलाय, कैफियत यांनी सांगितल्याप्रमाणे तूर्त ठेवून दिलाय. मराठीत, चार पानं. अण्णांना वाचून दाखवला. त्यांनी लाल पेन मागितलं. शिक्षक आहेत शेवटी. माझ्या वेलांट्या सुधारल्या, आणि ‘लबाड’ व ‘निर्लज्ज’ हे दोन शब्द खोडले. म्हणाले, त्यांची मुलं तुझ्याबरोबर शाळेत होती. मग ‘दक्षीणेस’खाली रेघ मारली आणि म्हणाले, ही चूक मात्र आहे तशी राहू दे, सुधारू नकोस.

निशाणी_पाच

बाई, जुन्या दाव्यांच्या नकला मागाल तेव्हा नुसता निकाल मागू नका. दुसऱ्या दाव्यातली पुरसिस आणि त्या दिवसाचा रोजनामा (कोर्टातल्या कामकाजाची नोंद) दोन्ही मागा. दावा काढून घेतला त्या दिवशी वकील हजर होते हे त्यात लिहिलेलं असतं, आणि पुरसिसवर त्यांची सही असते. जुनी फाईल रेकॉर्ड रूमला गेली असेल तर वेळ लागेल, अर्जावर निकालाची तारीख आणि दावा नंबर घाला म्हणजे लवकर सापडेल.

नदीकाठची

काका, अर्ज दिलाय. सोमवारी या म्हणालेत. अण्णाही येतो म्हणतायत.